गेम ऑफ थ्रोन्सच्या पुस्तकांबद्दलच्या कोणत्या फॅन थिअरीज खऱ्या निघतील? जॉन स्नो परत येईल का, आणि आला तर तसाच येईल का?

आधी थेट उत्तर देते. जॉन, म्हणजे उत्तरेची भिंत राखणाऱ्या नाइट्स वॉच पथकाचा कमांडर, मेल्यावर परत येणार याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही, पण शोमध्ये आला तसा नक्कीच येणार नाही. तुम्ही म्हणताय की शो बघून झालाय, पुस्तकं आत्ता हातात घेतलीत आणि थिअरीज वाचून डोकं गरगरतंय, तर शोचे स्पॉयलर तुम्हाला चालतील असं धरून लिहिते, पुस्तकांचे मात्र भरपूर येतील, तेव्हा पाचवं पुस्तक संपवायच्या आधी वाचायचं नसेल तर इथेच थांबा.

पहिलं पुस्तक १९९६ ला आलं, पाचवं २०११ ला, आणि सहाव्याची आम्ही सगळे अजून वाट बघतोय. एवढ्या मोठ्या गॅपमध्ये लोकांनी एकेक वाक्य शंभर वेळा वाचलंय, त्यामुळे काही थिअरीज खरंच जबरदस्त आहेत आणि काही म्हणजे सुतावरून स्वर्ग. त्यातली कुठली कुठल्या प्रकारातली हे ओळखायला माझा एकच प्रश्न असतो, ही थिअरी खरी निघाली तर किंमत कोण मोजतंय? कारण लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या जगात जादू फुकट मिळत नाही, कुणालाच नाही, आणि हे तो पहिल्या पुस्तकापासून सांगतोय. मिरी माझ डूर नावाची जादूटोणा करणारी बाई टारगॅरियन राजकन्या डेनेरिसला सरळ सांगते की जिवाच्या बदल्यात जीव द्यावा लागतो, डेनेरिसला वाटतं घोडा मारला म्हणजे झालं, आणि शेवटी पोटातलं बाळ जातं आणि ज्याला वाचवायचं होतं तो नवरा द्रोगो मिळतो तो नुसता श्वास घेणारं शरीर म्हणून. पुढे ड्रॅगन जन्मतात तेही चितेतूनच, त्या आगीत द्रोगोचं प्रेत आहे आणि मिरी जिवंत जळतेय.

आता परत आलेल्या माणसांकडे बघा. बेरिक डोंडॅरियन या सरदाराला आगीच्या देवाचा पुजारी थोरोस याने सहा वेळा परत आणलं. शोमध्ये तो बऱ्यापैकी धडधाकट वाटतो, पुस्तकात जॉनची बहीण आर्या हिला दिसतो तो माणूस म्हणजे कपाळाची बाजू आत गेलेली, एक डोळा नाही, गळ्याभोवती फाशीच्या दोराचा काळा वळ. प्रत्येक मरणाची खूण अंगावर तशीच राहिलीय. पण त्याहून वाईट म्हणजे त्याला आपलं घर आठवत नाही, जिच्याशी लग्न ठरलं होतं ती बाई कशी दिसायची ते आठवत नाही. हा सीन मला आख्ख्या सिरीजमधला सगळ्यात भीतीदायक वाटतो, ड्रॅगन नाही, व्हाइट्स (उठलेली प्रेतं) नाहीत, हा. आणि मग आर्याची आई कॅटलिन. ती तीन दिवस नदीत पडून होती, बेरिकने स्वतःचा जीव तिला दिला, आणि जी उठली तिला गळा दाबून धरल्याशिवाय बोलता येत नाही आणि सूड सोडून तिच्यात काही उरलेलं नाही. तिच्याशी एकनिष्ठ असलेल्या ब्रियनसारख्या बाईलाही ती फासावर चढवायला निघते! शोने लेडी स्टोनहार्ट, म्हणजे ही उठलेली कॅटलिन, पूर्ण गाळली आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं, कारण जॉन परत येताना वाचकाच्या मनात जी धास्ती हवी ती या दोघांमुळे तयार होते.

बरं, आता जॉन. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी त्याच्याच पथकातले लोक त्याला भोसकतात तेव्हा त्याच्या तोंडून शेवटचा शब्द निघतो तो त्याच्या लांडग्याचं, घोस्टचं नाव. याच पुस्तकाचा प्रोलॉग उघडा, लोक तो कंटाळून सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्यात वॅरामीर नावाचा एक वॉर्ग, म्हणजे प्राण्याच्या मनात शिरू शकणारा माणूस, मरतोय आणि मरता मरता आपल्याला सगळे नियम कळतात, म्हणजे वॉर्ग मेला की तो आपल्या प्राण्याच्या आत जातो, त्याला दुसरं आयुष्य मिळतं, पण तिथे राहील तसा माणूस पुसट होत जातो आणि प्राणी उरतो. आणि वॅरामीरला मरताना जॉन आठवतो, त्या पोरात शक्ती जबरदस्त आहे पण कुणी शिकवलेलं नाही असं त्याच्या मनात येतं, आणि घोस्टच्या शरीरातलं दुसरं आयुष्य राजाला शोभेल असं असेल हेही येतं. एवढं सगळं पुस्तकाच्या पहिल्या चॅप्टरमध्ये उगाच कोण लिहील? त्यात भर म्हणजे आगीत भविष्य बघणाऱ्या पुजारिणीचा, मेलिसांड्रेचा चॅप्टर, तिला आगीत जॉन दिसतो तो आधी माणूस, मग लांडगा, मग परत माणूस. याहून स्पष्ट लेखकाने आणखी काय सांगायचं!

म्हणून माझं मत असं की जॉन काही काळ घोस्टमध्ये राहील, शरीर थंडीत टिकेल (जॉनच्या पथकाच्या किल्ल्यात, कॅसल ब्लॅकमध्ये, भिंतीच्या बर्फातच कोठड्या आहेत आणि जॉनने स्वतःच तिथे दोन प्रेतं ठेवायला लावली होती, ती उठतात का ते बघायला, तेव्हा जागा आधीपासून तयार आहे), आणि परत येईल तेव्हा बेरिकसारखा सगळं विसरलेला नसेल, कारण त्याचं मन वाचलंय, पण ते मन लांडग्यात राहून आलेलं असेल. जास्त रागीट, जास्त आतल्या आत राहणारा, माणसांचे नियम फारसे न मानणारा. त्याच्या शपथेचं काय होईल, ज्यांनी मारलं त्यांच्याशी तो कसा वागेल, हे वाचायची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. शोमध्ये तो सहाव्या सिझनच्या दुसऱ्या एपिसोडमध्ये उठतो, दोन दिवस गप्प गप्प असतो आणि मग पुन्हा आपला नेहमीचा जॉन, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

पण मग जिवाच्या बदल्यात कुणाचा जीव? इथे ती थिअरी येते जी मला मनापासून खरी वाटते आणि खरी निघू नये असंही वाटतं, शिरीनची. शोच्या पाचव्या सिझनमध्ये राजगादीवर हक्क सांगणारा स्टॅनिस या आपल्या लहान मुलीला जाळतो, आणि शोच्या लेखकांनी नंतर सांगितलं की ही कल्पना मार्टिनकडूनच कळली होती. पण पुस्तकात माणसं कुठे आहेत ते बघा. स्टॅनिस विंटरफेलच्या वाटेवर बर्फात अडकलाय, आणि शिरीन, तिची आई सेलीस आणि मेलिसांड्रे तिघी कॅसल ब्लॅकला, म्हणजे जिथे जॉनचं प्रेत पडलंय तिथेच. आणि त्याच दिवशी पत्र आलंय की स्टॅनिस मेला. आता मेलिसांड्रेला स्टॅनिस म्हणजेच अझोर अहाई, भविष्यवाणीतला तारणहार, वाटतो, राजरक्ताची ताकद ती मानते, आई तिच्या पूर्ण कह्यात आहे. तर थिअरी अशी की स्टॅनिसला परत आणायला म्हणून त्या लहान पोरीला जाळतील, आणि उठेल जॉन. जॉनला आयुष्यभर हे ओझं वागवायचं, की आपण उठलो ते एका लेकराच्या राखेवर. मला तरी मार्टिनच्या हिशोबात हेच बसतं. अझोर अहाई कोण या वादाचाही निकाल बहुतेक यातच लागेल, कारण मेलिसांड्रे आगीत अझोर अहाईला शोधते आणि तिला दिसतो स्नो, तरी ती समजून घेत नाही.

तिच्या आगीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण बऱ्याच थिअरीज इथे घसरतात. आग खोटं दाखवत नाही, माणसं चुकीचं वाचतात. तिला स्टॅनिसच्या भावाचं, रेनलीचं चिलखत घातलेला माणूस स्टॅनिसचं सैन्य चिरडताना दिसला, रेनलीला मारलं म्हणजे संकट टळलं असं वाटलं, आणि ब्लॅकवॉटरच्या लढाईत तेच चिलखत घालून गार्लन टायरेल आला. मरायला टेकलेल्या घोड्यावर करड्या कपड्यातली मुलगी दिसली, तिला वाटलं आर्या, निघाली अ‍ॅलिस कारस्टार्क. त्यामुळे कुठल्याही भविष्यवाणीवर थिअरी उभी असेल तर ती शब्दशः घेऊ नका, पण फेकूनही देऊ नका.

ड्रॅगन आले म्हणून जादू परत आली ही थिअरी अर्धीच खरी आहे असं मला वाटतं. पुरावा आहे, हॅलिन नावाचा किमयागार टिरियनला सांगतो की वाइल्डफायर (जादूची ज्वालाग्राही आग) बनवायचे मंत्र आता जास्त चांगले चालताहेत आणि हळूच विचारतो की कुठे ड्रॅगन तर नाहीत ना, कार्थ शहरात आगीची शिडी चढणाऱ्या जादूगाराची ताकद डेनेरिसमुळे वाढलीय असं क्वेथ नावाची गूढ बाई सांगते. पण सिरीजचं पहिलंच पान काढा, अदर्स, म्हणजे उत्तरेच्या बर्फातले ते अमानवी शत्रू, तिथेच आहेत, ड्रॅगन पुस्तकाच्या शेवटच्या चॅप्टरमध्ये जन्मतात. म्हणजे बर्फाची बाजू आधीच जागी झालीय. ड्रॅगन हे कारण आहेत की तेही कुठल्या तरी मोठ्या घडामोडीचा परिणाम आहेत, यावर कुणी नीट लिहिलेलं दिसलं तर मला आवर्जून सांगा.

आता एगॉन. शोमध्ये हा मुलगा नाहीच, पुस्तकात तो म्हणतो मी डेनेरिसच्या मेलेल्या भावाचा, रेगारचा मुलगा, लहानपणी मला बदलून वाचवलं. थिअरी अशी की तो ब्लॅकफायर घराण्याचा, म्हणजे टारगॅरियनांच्या बंडखोर शाखेचा आहे आणि बहुधा त्यालाही ते माहीत नाही. मला ही जवळजवळ शंभर टक्के पटते. एगॉनच्या बाजूने असलेली गोल्डन कंपनी ही ब्लॅकफायरांसाठी उभी राहिलेली भाडोत्री फौज, ती टारगॅरियनच्या मागे का जाईल हा एक प्रश्न, आणि दुसरी गोष्ट चौथ्या पुस्तकात इतकी बारीक आहे की नजरेतून सुटते. ब्रियनसोबत फिरणारा मेरिबाल्ड नावाचा पुजारी एका खानावळीची गोष्ट सांगतो, तिच्या पाटीवर काळा लोखंडी ड्रॅगन होता, एका लॉर्डने तो तोडून नदीत फेकला, आणि कित्येक वर्षांनी त्याचं एक मुंडकं वाहत किनाऱ्याला लागलं तेव्हा ते गंजून लाल झालं होतं. काळा ड्रॅगन पाण्यात गेला आणि लाल होऊन परत आला! ब्लॅकफायरांचा ड्रॅगन काळा, टारगॅरियनांचा लाल. असा पुरावा सापडतो ना तेव्हा या लेखकाबद्दल प्रेमच वाटतं. एगॉनचा शेवट मला वाईटच दिसतो, कारण डेनेरिसला हाउस ऑफ द अनडाइंग या जादूगारांच्या वास्तूत दिसलेल्या दृश्यांमध्ये गर्दीच्या जयघोषात काठ्यांवर नाचवलेला कापडी ड्रॅगन दिसलेला आहे.

टिरियन टारगॅरियन असल्याची थिअरी मात्र सोडून द्या. टारगॅरियन राजा एरिसची टिरियनच्या आईवर, जोआनावर नजर होती, टिरियनचे केस फिकट आहेत, हे सगळं ओढूनताणून बसवता येतं, पण आत्या जेना लॅनिस्टर टिरियनच्या भावाला, जेमीला तोंडावर सांगते की तुमच्या बापाचा, टायविनचा खरा मुलगा तू नाहीस, टिरियन आहे. त्या बापलेकाच्या नात्याचा जीवच यात आहे की टायविन ज्याचा तिरस्कार करतो तोच त्याच्यावर गेलाय. टिरियन दुसऱ्याचा निघाला तर त्याने टायविनला बाणाने मारणं एकदम हलकं होऊन जातं. आर्याला तलवार शिकवणारा सिरिओ म्हणजेच चेहरे बदलणारा मारेकरी जॅकेन ही थिअरीसुद्धा मला तशीच वाटते, लाकडी तलवार घेऊन मेरिन ट्रँटसमोर उभा राहिलेला माणूस मेलेलाच राहू दे, त्याच्या धाडसाला त्यानेच अर्थ येतो. जॅकेनबद्दल खरी थिअरी हवी असेल तर चौथ्या पुस्तकाचा प्रोलॉग वाचा आणि त्यातल्या पेट नावाच्या पोराला मारणाऱ्या अल्केमिस्टचं नाक, गालावरचा व्रण आणि कुरळे काळे केस हॅरनहॉलचा किल्ला सोडताना जॅकेनने घेतलेल्या चेहऱ्याशी ताडून बघा.

जेमीची जुळी बहीण सर्सी हिला कोण मारणार, तर जेमी. भविष्य सांगणाऱ्या मॅगीने तिला सांगितलंय की धाकटा भाऊ गळा दाबून मारेल, सर्सी जन्मभर टिरियनला घाबरते, आणि जुळ्यांत जेमी तिच्यानंतर जन्मलाय, तिची टाच धरून. शोने पाचव्या सिझनच्या सुरुवातीला मॅगी दाखवली पण भावाचा भाग गाळला, मग शेवटी दोघं एकमेकांच्या मिठीत दगडांखाली गेले. पुस्तकात जेमी तिचं मदतीचं पत्र आगीत टाकायला लावतो, तिथून तो परत जाऊन रडत मिठी मारेल हे मला काही केल्या पटत नाही.

शोचा शेवट हाच पुस्तकांचा शेवट का असंही तुम्ही विचारलंय. जॉनचा भाऊ ब्रान राजा होणं हे मार्टिनकडून आलंय, ब्रानला वाहून नेणाऱ्या होडोरच्या नावाचं रहस्यही, म्हणजे मोठे टप्पे तेच असावेत. पण लेडी स्टोनहार्ट आणि एगॉन शोमध्ये नव्हतेच, जॉनचं मरण जवळपास फुकटात परत आलं, तेव्हा तिथवर पोचायचा रस्ता पुष्कळ वेगळा असणार. तुम्ही पाचव्या पुस्तकापर्यंत पोचलात की तो वॅरामीरचा प्रोलॉग, मग मेलिसांड्रेचा एकुलता एक चॅप्टर आणि मग जॉनचा शेवटचा चॅप्टर असे तीन सलग वाचून बघा आणि शिरीनबद्दल तुम्हाला काय वाटतं ते इथे कमेंटमध्ये नक्की लिहा, मला खरंच वाचायचंय.