अस्मानी झाली, सुलतानी नको

प्रिय छकुली,

पंचनाम्याला आलेल्या तलाठी भाऊसाहेबांना आप्पा म्हणाले, "अस्मानी झाली ती झाली, आता सुलतानी नका करू." याचा अर्थ काय आणि भाऊसाहेब हसले का, असं तू विचारलंस.

अस्मान म्हणजे आभाळ. गारपीट, वादळ, कोरडा पावसाळा ही अस्मानी. लूट, लढाई, जाचक सारा असं राज्य करणाऱ्यांकडून येतं ती सुलतानी. आपल्या मुलखाने दोन्ही एकदम भोगल्यात. 1630 च्या दुष्काळात माणसांना दाणा नव्हता, आणि शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी फौजफाटा घेऊन बुऱ्हाणपुरात, म्हणजे आपल्या रावेरच्या शेजारीच, तळ देऊन होता. मुमताज 1631 मध्ये तिथेच वारली. ताजमहालाचं कौतुक करताना तो दुष्काळ कुणाला आठवत नाही, ते सोड.

आता आपली केळी. तिला लाकडी खोड नसतंच, पानांच्या देठांचीच ती गुंडाळी. वर घडाचं ओझं. मे-जूनचं वावधन सुटलं की मधोमध मोडते, आणि मोडलेली केळी पुन्हा उभी करता येत नाही. न भरलेला, कोवळा घड व्यापारी घेत नाही; वर्षाची मेहनत आणि खताचा पैसा मातीत. आप्पांनी बांधाला शेवरी लावलीय ती वारा अडवायलाच, पण तीही किती अडवणार?

इथवर अस्मानी. पुढे पंचनामा. नुकसान 33 टक्के किंवा जास्त लिहिलं तरच सरकारी मदत बसते. 30 लिहिलं की हातात काही नाही. आप्पांचा रोख त्या आकड्यावर होता. कापूस घरात यायच्या तोंडावर, 2025 च्या ऑगस्टमध्ये, सरकारने परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवलं; बाहेरचा कापूस स्वस्त आला की आपल्या कापसाचा भाव पडतो. माझ्या लेखी तीही सुलतानीच.

मात्र हा शब्द कुठेही ठोकून द्यायचा नाही. ठिबकची जाळी धुवायची राहिली आणि बाग सुकली, तर त्याला आप्पा अस्मानी म्हणणार नाहीत, शिव्या घालतील. गणिताच्या मार्कांनाही तो चालत नाही.

भाऊसाहेब हसले म्हणजे आकडा 33 च्या वर गेला असावा, असा माझा कयास. आप्पांना विचारून कळव.

तुझे पप्पा,
मस्कत