आईचं वय 54, पाळी जाऊन तीन वर्षं झाली, गुडघे दुखतात आणि दूध अजिबात पीत नाही. हाडांसाठी काय द्यावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे उत्तर थोडं व्यायामाकडे झुकेल.

आधी गुडघ्यांचं. गुडघे दुखले की लोक लगेच 'कॅल्शियम कमी झालं' म्हणतात, पण या वयात ते बहुतेक वेळा सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजल्याचं दुखणं असतं. हाडं ठिसूळ होतात ती गुपचूप. बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं की मग कळतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्तात कमी पडलं की शरीर हाडांतून काढून घेतं, रिपोर्ट मात्र छान दिसतो. हाडांची घनता डेक्सा स्कॅनमध्ये कळते. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत ती झपाट्याने उतरते, तेव्हा स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचाराच.

दूध नको तर नको. त्यांना दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागेल. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात, म्हणजे दोनेक भाकऱ्यांत, साडेतीनशेच्या आसपास मिळतं. सोबत वाटीभर दही, शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी. मासे चालत असतील तर सुकट किंवा मांदेली काट्यासकट. पालकावर भिस्त ठेवू नका; त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही. आणि उसळ, डाळ, अंडी हवीतच, हाडांना प्रथिनंही लागतात.

ऊन काचेआडून घेतलेलं चालत नाही, ड जीवनसत्त्व त्याने तयार होत नाही. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. थायरॉइडची गोळी असेल तर कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब.

आता व्यायाम. हाडावर भार पडला तरच ते टिकतं. चालणं चांगलं, पण तेवढ्याने भागत नाही. ओट्याला धरून टाचा उचलायच्या नि सावकाश टेकवायच्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. गुडघा कुरकुरला तर खाली उशी ठेवून बैठक उंच करा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन उचलायच्या. आठवड्यातून दोन-तीनदा, जमेल तसं वजन वाढवत.

उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल किंवा पाठीत अचानक कळ आली असेल, तर पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकायची आसनं तूर्त बंद. ठिसूळ मणका तेवढ्यानेही चेपतो. अशा वेळी आधी तपासणी, मग व्यायाम.