हवाई चित्रांतून संगणकाकडून रस्ते ओळखून काढायचेत? आधी एवढं सांभाळा

सगळ्या पद्धतींची तुलना पहिल्याच आठवड्यात नको. वाटा मुख्यतः दोन: प्रत्येक पिक्सेल रस्त्याचा की नाही हे ठरवणं (यू-नेट हे न्यूरल नेटवर्क), किंवा एका बिंदूपासून माग काढत जाळं उभं करणं (2018 चं रोडट्रेसर). पहिलीपासून सुरुवात करा, कारण तिथली चूक नजरेला लगेच दिसते.

डेटा मॅसॅच्युसेट्स रोड्सचा घ्या: 1,171 चित्रं, एका पिक्सेलला 1 मीटर. त्यातली लेबलं (रस्ता कुठे आहे याची तयार उत्तरं) ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातल्या रस्त्यांच्या मध्यरेषांवर सरसकट 7 पिक्सेल जाडीने ओढलेली आहेत. रुंद हमरस्त्याच्या कडा जुळल्या नाहीत, तर मॉडेलला लगेच दोष देऊ नका.

नवीन माणूस हमखास इथे अडकतो:

- नुसती अचूकतेची टक्केवारी बघणं. रस्ते चित्राचा थोडाच भाग व्यापतात; सगळीकडे ‘रस्ता नाही’ म्हटलं तरी आकडा झकास येतो. आयओयू बघा, म्हणजे मॉडेलचा रस्ता आणि खरा रस्ता यांचा सामाईक भाग भागिले दोन्हींनी मिळून व्यापलेला भाग.
- एकाच चित्राचे तुकडे ट्रेनिंग आणि टेस्ट, दोन्हीकडे टाकणं. मग टेस्टमध्ये मॉडेलला जवळपास पाहिलेलंच दिसतं.
- झाडाखाली तुटलेला रस्ता किरकोळ मानणं. माझ्या मते ही सगळ्यात महाग चूक. चार-सहा पिक्सेल गेल्याने आयओयू जेमतेम हलतो, पण नकाशावर गावाची वाटच बंद होते. म्हणून दोन पद्धती शेजारी ठेवताना रस्ते जोडलेले राहिले का, हे डोळ्यांनी तपासाच.

एपीएलएस (रस्त्यांची जोडणी मोजणारा आकडा), लॉस फंक्शनचे (ट्रेनिंगमध्ये चूक मोजणाऱ्या सूत्राचे) प्रकार वगैरे नंतर. आधी यू-नेट चालवा, जमेल तुम्हाला.