लष्करी ट्रक उंच करायचाय, पण पैसे कुठल्या खिशातून?

प्रश्न (थोडक्यात): डॅलसजवळ राहतो. वय ४१, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. तीन वर्षांपूर्वी अमेरिकन लष्करातून निवृत्त झालेला १९८५ चा शेव्हरोले एम १००८ पिकअप ८,५०० डॉलरला घेतला. आता तो चार इंच उचलून (लिफ्ट करून) ३५ इंची टायर घालायचेत. गॅरेजने ९,८०० डॉलर सांगितले आहेत. पगार वर्षाला १,२८,००० डॉलर. ४०१(के) मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, ९६,००० आहेत. पगाराच्या ४ टक्के टाकतो, कंपनी ६ टक्क्यांपर्यंत माझ्याइतकेच घालते. बचत १४,०००, घरखर्च महिना ६,८००, क्रेडिट कार्डाची थकबाकी ४,६००, व्याज २३ टक्के. महिन्याला ९०० उरतात, मार्चमध्ये बोनसचे साधारण ५,००० हातात येतात. ४०१(के) वर दहा हजारांचं कर्ज काढावं म्हणतो, व्याज शेवटी आपल्यालाच मिळतं. बायको म्हणते, दारात आधीच रणगाडा उभा आहे, त्याला आणखी उंच कशाला करायचा?

उत्तर:

तुम्ही कोटेशनचा कागद जोडलात हे फार बरं केलंत. बहुतेक लोक मला नुसता शेवटचा आकडा पाठवतात. पुढेमागे नवे पाटे (स्प्रिंगा) १,५००, स्टिअरिंग आर्म, लांब ब्रेक होज आणि शॉक अॅब्सॉर्बर ९००, पाच टायर १,९००, पाच रिम ८००, दोन्ही अॅक्सलचे (चाकांच्या आसांचे) गिअर बदलणं २,४००, मजुरी २,३००.

यातल्या गिअरच्या ओळीवर काट मारा. मी मेकॅनिक नाही, पण सहा वर्षं याच कुळातली एम १००९ बाळगलेली आहे, तेव्हा एवढं ठामपणे सांगू शकतो. मोठा टायर घातला की गाडी जड पडते, म्हणून गिअर बदलायचे, हा नियम साध्या पिकअपचा. माझ्या एम १००९ ला ३.०८ चे गिअर होते (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे ३.०८ फेरे), तिला तो लागू होता. तुमच्या एम १००८ ला लष्कराने मुळातच ४.५६ चे गिअर दिलेत, आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर, नाही. मूळ २३५/८५ आर १६ टायर साधारण ३१.७ इंचांचा, त्यावर ताशी ६५ मैलांना ते ६.२ लिटरचं डिझेल मिनिटाला ३,१०० च्या वर फेरे घेतं. हायवेवर शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं ते त्यामुळेच. ३५ इंची टायरवर हेच फेरे २,८५० च्या आसपास येतील. म्हणजे या एका ट्रकच्या बाबतीत मोठा टायर हे गिअरचं औषधच आहे आणि गॅरेजवाला तुम्हाला औषधावर औषध विकतोय. मुद्दाम विकतोय असं नाही म्हणत. त्याच्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांपैकी नऊंना ते लागत असेल.

राहिले ७,४००. पण कागदावर नसलेला खर्चही आहे. १९७३ ते १९८७ च्या या शेव्हरोले पिकअपची जुनी दुखणी ज्याला ठाऊक आहेत तो पहिल्यांदा स्टिअरिंग बॉक्सजवळची चॅसी बघतो. तिथे तडे जातात, आणि मोठं चाक लावलं की त्या जागेवरचा ताण आणखी वाढतो. तिथे मजबुतीची पट्टी लावावी लागेल. शिवाय अलाइनमेंट, ब्रेकची देखभाल, स्पीडोमीटरची छोटी चक्री (नाहीतर काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६६ ने जात असाल) आणि सुट्या भागांवरचा सेल्स टॅक्स. माझ्या अंदाजाने आणखी दीड हजार. म्हणजे खरा आकडा ८,९०० च्या घरात. गिअर काढूनसुद्धा तुम्ही जवळजवळ तिथेच येता.

आता ४०१(के). व्याज आपलं आपल्याला मिळतं, हे खरं आहे आणि नेमकं म्हणूनच हे कर्ज गोड लागतं. ते पैसे बाजारातून बाहेर राहतात, हा नेहमीचा आक्षेप मी बाजूला ठेवतो, कारण दहा हजारांनी तुमचं म्हातारपण बुडणार नाही. माझा आक्षेप तुमच्या व्हिसाला धरून आहे. नोकरी सुटली तर या कर्जाची बाकी त्या वर्षाच्या आयकर रिटर्नच्या मुदतीपर्यंत (मुदतवाढ घेतली तर तोवर) भरावी लागते. नाही भरली तर ती रक्कम उत्पन्नात धरतात आणि साडेएकोणसाठच्या आत असाल तर वर १० टक्के दंड. समजा ९,००० बाकी आहे आणि तुम्ही आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात. २,८८० डॉलर गेले. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, तेवढीच कृपा.

अमेरिकन सहकाऱ्याची नोकरी गेली तर तो दुसरी शोधतो. तुम्हाला मिळतात जास्तीत जास्त साठ दिवस. आय-९४ (अमेरिकेत राहण्याची मुदत सांगणारी नोंद) आधी संपत असेल तर त्याहून कमी. त्या साठ दिवसांत वकील, मुलांची शाळा, घराचं भाडं आणि अंगणात उभा एक हिरवा ट्रक. भारतात नेण्याचा विचारही नको. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते. आणि नेलीच असती तरी, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेत असे फेरफार चालणार नाहीत असं सांगितल्यावर, पुण्याच्या आरटीओत तुम्ही या टायरांसकट उभे राहिलेले मला डोळ्यांसमोर आणवत नाही. तेव्हा ट्रक तिथेच विकावा लागणार, तोही घाईत.

घाईत विकायचा तर मूळ स्थितीतला एम १००८ विकणं सोपं. लष्करी गाड्या जमवणाऱ्याला कागद, मूळ रंग, मूळ चाकं हवी असतात. ऑफरोडवाल्याला पुढचा डेना ६० नावाचा भक्कम अॅक्सल हवा असतो. नुसत्या त्या अॅक्सलसाठी असे ट्रक घेणारे लोक मी पाहिलेत. तुमचे ८,५०० बऱ्यापैकी त्या पुढच्या अॅक्सलवर उभे आहेत. उंच केलेल्या ट्रकला गिऱ्हाईक मिळत नाही असं नाही, पण तुमच्या ८,९०० पैकी तो किती मोजेल? लिफ्टचा खर्च मी हिशेबात सरळ शून्य धरतो. सिनेमाच्या तिकिटासारखा. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली ट्रकची बाजू वाचून मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती मधल्या एका ओळीची, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. कंपनी ६ टक्क्यांपर्यंत घालते आणि तुम्ही ४ वर थांबलात. म्हणजे दर वर्षी कंपनीचे २,५६० डॉलर तुम्ही टेबलावर ठेवून घरी येता. कार्डाचं व्याज वर्षाला हजाराच्या वर. दोन्ही मिळून साडेतीन हजारांहून जास्त. अडीच वर्षांत तुमची अख्खी लिफ्ट, पाट्यांपासून टायरपर्यंत, अशी वाहून जाते आणि त्यात ट्रक एक इंचही वर येत नाही.

तेव्हा मी असं करेन. पुढच्या पगारापासून ४ चे ६ टक्के. हे आयकर लागण्याआधी पगारातून कापले जाणारे पैसे असल्याने हाताला त्याहून कमी जाणवेल, पण पुरे २१३ धरा. ९०० चे ६८७ उरले. मार्चचा बोनस आला की कार्ड एका फटक्यात बंद. त्यानंतर ६८७ पैकी ४८७ बचतीत आणि २०० ट्रकच्या वेगळ्या खात्यात. वेगळ्या म्हणजे खरंच वेगळ्या, घरच्या खात्यातली मनातल्या मनात आखलेली रेघ नव्हे.

बचत १४,००० म्हणजे दोन महिन्यांचा खर्च. एच-१बी वाल्याने निदान चार महिन्यांचा ठेवावा, २७,२००. त्याला १३,२०० कमी पडतात. पुढच्या वर्षीचा बोनसही त्यातच टाकलात तर साधारण दीड वर्षाचं काम. दीड वर्ष ऐकून तुमचं तोंड उतरलं असेल, म्हणून मधला रस्ता सांगतो. ट्रकच्या खात्यात आठ महिन्यांत १,६०० जमतात. त्यात २५५/८५ आर १६ चे पाच टायर घ्या. उंची ३३ इंचांच्या थोडी वर, पण अरुंद, मूळ रिमवर बसतात आणि पाट्यांना हात लावावा लागत नाही. कुठे घासलंच तर किरकोळ. हायवेवर इंजिन थोडं निवांत होईल, ट्रक रुबाबदार दिसेल आणि मूळ पाटे, मूळ रिम जागच्या जागी राहतील. वर्षभर हे चालवून बघा. माझी पैज आहे की निम्म्या शक्यतेने तुम्हाला चार इंचांची गरजच वाटणार नाही. वाटली तर तोवर बचत पुरी झालेली असेल, मग खुशाल करा, मी तुमच्या बाजूने तुमच्या बायकोशी बोलेन. फक्त काढलेले पाटे आणि रिम फेकू नका. एका कोपऱ्यात तेल लावून ठेवा.

विम्याचं एक. कंपनीला न सांगता ट्रक उंच केलात तर दावा करायच्या वेळी तेच कारण पुढे येऊ शकतं. आधी फोन करा, बदल आणि ठरवलेली किंमत (ट्रक गेला तर कंपनी किती देणार) दोन्ही लेखी घ्या.

आणि टायरच्याही आधी १५०-२०० डॉलर या ट्रकच्या दुसऱ्या दुखण्यासाठी ठेवा. तुमचा ट्रक १२ व्होल्टवर चालतो पण सुरू २४ व्होल्टवर होतो, दोन बॅटऱ्या, दोन अल्टरनेटर. माझ्या गाडीचा स्टार्टरचा रिले एकदा भारतीय किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये चिकटला. किल्ली काढून हातात घेतली तरी स्टार्टर फिरतच होता. बॉनेट उघडून बॅटरीची तार ओढेपर्यंत धूर निघाला, आणि मी एका हातात पाना, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभा. स्टार्टर गेला. तो रिले बदलायला त्याच्या एक दशांशसुद्धा खर्च आला नसता.

या शनिवारी एक काम विनाखर्चाचं आहे. टेक्सासात २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली आहे, तेव्हा दुसरं कुणी हे बघणार नाही. पुढचं डावं चाक काढा, गाडी स्टँडवर पक्की टेकवा, स्टिअरिंग बॉक्स चॅसीला जिथे बोल्टने बसवलाय तिथली माती तारेच्या ब्रशने घासून काढा आणि टॉर्च मारा. बायकोला आत बसवून स्टिअरिंग डावी-उजवी हलवायला सांगा. बोल्टच्या भोकापासून निघालेली केसासारखी रेघ दिसली, किंवा बॉक्सबरोबर चॅसीचा पत्राही हललेला दिसला, तर ट्रकच्या खात्यातले पहिले पैसे टायरला नाही, वेल्डरला द्यायचे.