जर्मनीतील प्रयोगशाळेत काम करायचे असेल तर

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, नेट परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली आहे आणि पुण्यात एका प्रकल्पावर सहा महिने काम झाले आहे. आता जर्मनीत ‘लॅब असिस्टंट’ची नोकरी मिळवून जावे की तिथे पुन्हा एम.एस्सी. करावी, हे ठरत नाही; शिवाय एका सल्लागाराने साडेतीन लाख रुपयांत नोकरीची खात्री दिली आहे. मी २०१३ साली कोल्हापुरातून जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आले, पीएच.डी. इथेच केली, आणि गेली काही वर्षे आमच्या संशोधन गटाकडे येणाऱ्या अर्जांची पहिली चाळणी लावण्याचे काम माझ्याकडे आहे. म्हणून अर्ज करणाऱ्याची आणि अर्ज वाचणाऱ्याची, अशा दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

सल्लागाराला एक रुपयाही देऊ नका. इथल्या संशोधनसंस्था नोकरीच्या अर्जासाठी पैसे घेत नाहीत. कोणाला घ्यायचे हे ज्याच्या प्रयोगशाळेत काम करायचे तो गटप्रमुख स्वतः मुलाखत घेऊन ठरवतो, त्यामुळे त्रयस्थ माणूस खात्री देतो तेव्हा तो आपल्या हातात नसलेली गोष्ट विकत असतो.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे ‘लॅबमध्ये नोकरी’ म्हटले की एम.एस्सी. झालेला माणूस डोळ्यासमोर येतो. जर्मनीत प्रयोगशाळेतले नेहमीचे काम, म्हणजे माध्यमे (जिवाणू किंवा पेशी वाढवण्याची पोषक मिश्रणे) तयार करणे, पेशींची जोपासना, ठरलेल्या चाचण्या, उपकरणांची देखभाल, हे ज्यांच्याकडे असते त्यांचे शिक्षणच वेगळे असते. त्यांना ‘लाबोरांट’ किंवा ‘तांत्रिक सहायक’ म्हणतात. जीवशास्त्राच्या लाबोरांटचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि ते कारखान्यात किंवा संस्थेत काम करता करता, जर्मन भाषेत पूर्ण करावे लागते. आमच्या गटातल्या तांत्रिक सहायक बाई तीस वर्षे हेच काम करत आहेत आणि त्यांच्या हाताची सफाई आमच्यापैकी कोणत्याही डॉक्टरेटवाल्याला नाही. अशा जागेसाठी एम.एस्सी. झालेल्या परदेशी उमेदवाराचा अर्ज आला की तो बहुधा बाजूला पडतो, कारण त्याच्याकडे ते प्रशिक्षण नसते, जर्मन नसते, आणि हा माणूस वर्षभरात पीएच.डी.ला निघून जाईल असे वाचणाऱ्याला वाटते. तुम्ही ज्या दारावर टकटक करण्याच्या विचारात आहात, ते दार तुमच्यासाठी बनवलेलेच नाही.

तुमच्यासाठी असलेले दार म्हणजे पीएच.डी.ची जागा. हे आपल्याकडच्या मुलांना पटायला वेळ लागतो, कारण आपल्या मनात पीएच.डी. म्हणजे आणखी शिक्षण आणि आणखी खर्च. जर्मनीत निसर्गविज्ञानातली पीएच.डी. ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते आणि तिच्यासाठी करारपत्र मिळते. विद्यापीठांत पगार राज्यांच्या वेतनश्रेणीतील ‘ई १३’ या गटाप्रमाणे ठरतो. २०२५ मध्ये या गटाच्या पहिल्या टप्प्याचा पूर्ण पगार महिन्याला सुमारे ४,६०० युरो होता. मात्र जीवशास्त्रात पीएच.डी.वाल्याला साधारणपणे ६५ टक्क्यांची जागा देतात, काही ठिकाणी ५० टक्क्यांचीच. ६५ टक्के म्हणजे सुमारे ३,००० युरो, आणि कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन वजा जाता एकट्या माणसाच्या हातात दोन हजारांच्या थोडे वर येतात. ग्योटिंगेनसारख्या गावात विद्यार्थी वसतिगृहात किंवा वाटून घेतलेल्या घरात राहून यात नीट भागते आणि घरीही थोडे पाठवता येतात. म्युनिकमध्ये हाच पगार घरभाड्यात विरघळतो. टक्केवारी कागदावरची असते, हेही आताच समजून घ्या. ६५ टक्के म्हणजे आठवड्याला सुमारे २६ तास. प्रत्यक्षात सगळे जण पूर्ण वेळ आणि पुष्कळदा त्याहून अधिक काम करतात, कारण उरलेला वेळ ‘तुमच्या स्वतःच्या प्रबंधासाठी’ धरला जातो. मला ही पद्धत न्याय्य वाटत नाही, पण ती ठाऊक नसताना इथे येणे अधिक वाईट.

करार आणि शिष्यवृत्ती यांतला फरक जाहिरात वाचतानाच पाहा. करार असेल तर आरोग्यविमा, बेरोजगारी विमा आणि प्रसूतिरजा कायद्याने मिळते. शिष्यवृत्तीत यातले बरेचसे आपले आपण बघावे लागते. माक्स प्लांक संस्थांमध्ये पूर्वी परदेशी विद्यार्थ्यांना बहुधा शिष्यवृत्तीवर ठेवत असत. २०१५ पासून तिथेही करार देण्याची पद्धत आली, आणि आमच्यानंतर आलेल्या मुलांचे त्यामुळे फार भले झाले.

जागा कुठे शोधायच्या? विद्यापीठांखेरीज माक्स प्लांकच्या ऐंशीहून अधिक संस्था आहेत, हेल्महोल्त्सची १८ मोठी केंद्रे आहेत (हायडेलबर्गचे कर्करोग संशोधन केंद्र त्यांपैकीच एक), आणि लायब्नित्स व फ्राउनहोफर या संस्थांची जाळी आहेत. माक्स प्लांकच्या आंतरराष्ट्रीय संशोधन शाळा वर्षातून ठरावीक वेळी एकत्रित अर्ज मागवतात, भाषा इंग्रजी असते, आणि निवड एका माणसाच्या मर्जीवर न राहता समिती करते. तुमच्यासारख्या, इथे कोणाचीही ओळख नसलेल्या उमेदवाराने सुरुवात तिथूनच करावी. एकेकट्या जागांच्या जाहिराती संस्थांच्या पानांवर आणि ‘यूरॅक्सेस’ या युरोपीय संकेतस्थळावर असतात.

आता अर्जाबद्दल, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण आपली चांगली मुले इथेच मार खातात. आठवड्याला भारतातून येणारे कितीतरी अर्ज ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने सुरू होतात, त्यांत गटाचे नाव नसते, आणि ‘मला आपल्या प्रतिष्ठित संस्थेत कोणत्याही विषयावर काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ असे वाक्य असते. ‘कोणत्याही विषयावर’ हे आपल्या दृष्टीने नम्रतेचे बोल. वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की या उमेदवाराने आमचा एकही शोधनिबंध उघडलेला नाही. पुढे तंत्रांची यादी येते: पीसीआर, जेल, वेस्टर्न ब्लॉट, एलायझा, एचपीएलसी. ती सगळ्यांच्या अर्जात सारखीच असते. त्याऐवजी, कोणते तंत्र स्वतःच्या हाताने किती वेळा केले, त्यात काय बिघडले आणि ते कसे सुधारले, हे चार ओळींत लिहिले तर तो अर्ज ढिगातून वर येतो.

माझे स्वतःचे उदाहरण सांगते. एम.एस्सी.च्या डिझर्टेशनच्या वेळी आमच्या विभागात भारनियमनामुळे इन्क्युबेटर दुपारी दोन-अडीच तास बंद पडत असे. जिवाणूंच्या वाढीचा आलेख काढताना तीन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. मी वहीत प्रत्येक मोजणीशेजारी थर्मामीटरवरचा आकडा आणि वीज गेल्याची वेळ लिहून ठेवली होती, एरवी ३७ आणि वीज गेल्यावर ३१, २९ अशी, आणि ते तीन दिवस बाद करून प्रयोग पहाटे चारला सुरू करून पुन्हा केला होता. मुलाखत स्काइपवर होती. मी पाठवलेल्या आलेखाखाली बारीक अक्षरांत ‘तीन संच वगळले’ अशी टीप होती. प्राध्यापकांनी पहिला प्रश्न त्या टिपेवरच विचारला. मी वहीचे पान कॅमेऱ्यासमोर धरले, पेनाने केलेली खाडाखोड तशीच होती. पुढची दहा मिनिटे आम्ही त्या एका पानावर बोललो. माझ्या टक्केवारीबद्दल कोणी काही विचारलेच नाही. आज मी मुलाखतींना बसते तेव्हा मीही तेच शोधते: या माणसाला आपले आकडे कुठून आले ते ठाऊक आहे का, आणि नको असलेला आकडा तो लपवतो की सांगतो.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९३० च्या आसपास बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत मानवी कवट्या मोजत होत्या, तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकाला जो निष्कर्ष अपेक्षित होता तो त्यांच्या मोजमापांतून निघाला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. एका मराठी मुलीने परक्या देशात, त्या काळात हे करणे किती अवघड असेल, याचा विचार मी इथे अनेकदा केला आहे.

दुसऱ्या एम.एस्सी.च्या वाटेविषयी. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला शिक्षणशुल्क नाही, सत्राची किरकोळ वर्गणी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता शुल्क सुरू केले आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ‘एपीएस’ प्रमाणपत्र (भारतातली शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारे) आवश्यक झाले आहे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात, हा या वाटेचा खरा फायदा. तरीही माझे मत असे आहे की, ज्यांच्या एम.एस्सी.त प्रयोगाचे डिझर्टेशन झालेच नाही किंवा ज्यांना विषय बदलायचा आहे, त्यांनीच ही वाट धरावी. तुमची तीन अधिक दोन अशी पाच वर्षे झाली आहेत आणि पीएच.डी.साठी ती पुरतात. त्याच पदवीसाठी आईवडिलांच्या ठेवी मोडू नका. त्यापेक्षा पुण्यातच एनसीएल, आयसर, एनसीसीएस किंवा आघारकर संस्थेत आणखी वर्षभर प्रकल्पावर काम करा. नेट नसताना प्रकल्प सहयोगीला मिळणारे पैसे फार नाहीत, हे मला कळते, पण त्या वर्षातून तुमच्या हाताचे काम जवळून पाहिलेला एक माणूस शिफारस लिहायला मिळतो. ‘विद्यार्थिनी कष्टाळू आणि शिस्तप्रिय आहे’ अशी विभागप्रमुखांची तीन ओळींची शिफारस इथे काहीही सांगत नाही.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा; इथे तो उद्धटपणा समजत नाहीत. आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीला किती वर्षे लागली, करार किती काळाचा आहे, तीन वर्षांनंतर पैसे कुठून येतील, हे विचाराच. शक्य असेल तर सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी एकट्याने बोलायला मागा. हे मी का सांगते तर माझ्या परिचयाच्या एका गटात शेवटच्या वर्षी तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ देत असत. इथे राहण्याचा परवाना कराराच्या मुदतीला जोडलेला असतो, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ मिळायलाच कित्येक आठवडे लागतात. त्या गटातली एक भारतीय मुलगी प्रबंध लिहिण्याच्या दिवसांत दर तीन महिन्यांनी त्या कार्यालयाच्या जिन्यात कागदांची फाईल घेऊन बसलेली मी पाहिली आहे.

पुढचा विचारही आताच करून ठेवा. सरकारी विद्यापीठांत व संस्थांत तात्पुरत्या करारांवर पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षे, अशी साधारण मर्यादा कायद्याने आहे. त्यानंतर कायम जागा हवी, आणि त्या फार थोड्या आहेत. २०२१ मध्ये इथल्या तरुण संशोधकांनी ‘मी हाना आहे’ (हाना हे सरकारी चित्रफितीतले तरुण संशोधिकेचे पात्र) या घोषणेखाली याविरुद्ध मोठा आवाज उठवला तो याचसाठी. कंपन्यांमध्ये वाव आहे, पण तिथे दर्जानियंत्रणाची कागदपत्रे जर्मनमध्ये असतात आणि भाषेच्या बी-२ (मध्यम-प्रगत) पातळीशिवाय बहुधा मुलाखतीपर्यंत पोचता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर इंग्रजी चालते, त्या सोयीने मी पहिली तीन वर्षे जर्मन शिकले नाही, आणि पुढे त्याची किंमत मोजली. तुम्ही पुण्यात आहात. रानडे इन्स्टिट्यूट आणि माक्स म्युलर भवन तुमच्या गावात आहेत. अर्ज सुरू करण्याआधी नाव घाला.

घरी लग्नाचे बोलणे चालू आहे, असेही तुम्ही लिहिले होते. संशोधक म्हणून परवाना मिळाल्यास जोडीदाराला जर्मनचे प्रमाणपत्र न दाखवता येता येते आणि इथे आल्यावर नोकरीही करता येते. ६५ टक्क्यांच्या पगारावर ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) मिळत नाही, ते पीएच.डी.नंतर पूर्ण पगाराची जागा मिळाली की घेता येते. मधल्या काळात संशोधकाचा परवाना पुरेसा आहे.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. विद्यापीठाकडे पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज भरा. आपल्याकडे गुणपत्रक आणि पासिंग सर्टिफिकेटवर वर्षानुवर्षे चालते, पण इथे पीएच.डी.ची नोंदणी करताना मूळ पदवी प्रमाणपत्र मागतात, आणि दीक्षान्त समारंभाची वाट पाहण्यात महिने जातात. माझे प्रमाणपत्र वेळेवर आले नव्हते; वडील कोल्हापुरात विद्यापीठाच्या खिडकीवर चार खेपा घालून ते घेऊन आले, तोवर माझी नोंदणी अडून राहिली होती. शिवाय नाव दहावीच्या प्रमाणपत्रात, पदवीवर आणि पासपोर्टवर अक्षरशः सारखे आहे ना, वडिलांचे नाव एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही असे तर नाही ना, हे तपासून घ्या. दुरुस्ती करायची असेल तर ती पुण्यात असतानाच होईल.