अगं, विचार की त्याला!

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजीजवळ बसून रोज संध्याकाळी मालिका बघतेस, आणि त्या नायिकेचा इतका वैताग आलाय की मालिकांसाठी लिहायचं स्वप्नच सोडून द्यावंसं वाटतंय, असं म्हणतेस. सोडू नकोस. वैताग येतोय म्हणजे त्या बाईकडून तुझी अजून काही अपेक्षा आहे.

तू लिहिलेला प्रसंगच घेऊ. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात तिला दवाखान्याची पावती सापडते. ती पावतीकडे बघते, दाराकडे बघते, डोळे भरतात, संगीत चढतं, जिन्यावरून सासू बघते, भाग संपतो. पुढचे पंधरा दिवस ती पावती कपाटातल्या साड्यांखाली. तू विचारतेस, एवढी शिकलेली, बँकेत नोकरी करणारी बाई तोंड का उघडत नाही? कारण तिने "हे काय आहे?" एवढं विचारलं की तो ट्रॅक तिथेच संपतो. बावीसेक मिनिटांचा भाग, आठवड्यातून सहा वेळा, आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे. अशा घाईत लेखकाच्या हाताशी गैरसमजाइतकं स्वस्त काही नसतं, आणि गैरसमज टिकवायचा तर नायिकेला गप्प ठेवावंच लागतं. लेखकाच्या सोयीसाठी ती सोसत राहते.

हे पाप मीही केलंय. एका मालिकेत मी नायिकेला थेट विचारायला लावलं होतं. चार ओळींचा साधा प्रवेश. वाहिनीकडून निरोप आला, "हे महाएपिसोडला ठेवू." मी मुकाट्याने काढला. महाएपिसोड आला तेव्हा गोष्ट हळदीकुंकवात हरवलेल्या दागिन्यांवर गेली होती आणि तो प्रश्न राहूनच गेला. मी तेव्हा भांडायला हवं होतं. ते अजून मनाला लागतं.

पण आपल्याकडे हे असंच चालतं, असं मात्र समजू नकोस. १९८५ साली दूरदर्शनवर 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकरची रजनी साधी गृहिणी होती, पण अन्याय दिसला की ती समोरच्याला जाब विचारायची, आणि गोष्ट तिथूनच सुरू व्हायची. १९८९ची 'उडान', जिद्दीने पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची गोष्ट, कविता चौधरी यांनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कामही केलं. मूळ प्रेरणा त्यांची आयपीएस बहीण, कांचन चौधरी भट्टाचार्य. या दोन्ही मालिका आठवड्यातून एकदा लागायच्या, लेखकाला विचार करायला उसंत मिळायची, हे खरं. पण १९९९ची आपली 'आभाळमाया' आठव. सुधा जोशीच्या वाट्याला दुःख काही कमी नव्हतं, तरी ती स्वतःच्या विचाराने चालणारी बाई होती आणि घराघरांत लोकांनी तिला आपली मानलं.

आता तुझ्या पावतीकडे ये. तिला विचारू दे. नवऱ्याला खरं सांगू दे. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, मला मूल होणार नाही," तर? आता नातवाची वाट बघणाऱ्या सासूसमोर दोघांनी काय करायचं? तिला राहायचंय का? त्याला आईपासून लपवायचंय, तिला नाही, मग? बघ, एका प्रश्नाने गोष्ट संपली नाही, उलट महिनाभर पुरेल एवढी वाढली. फक्त ती लिहायला कठीण आहे.

आणि आजीवर चिडू नकोस. "काय हे बघतेस!" असं तर तिला कधीच म्हणू नकोस. पावती लपवली त्या दिवशी ती टीव्हीकडे बघून म्हणाली ना, "अगं, विचार की त्याला!" तुझ्याच पत्रात आहे, तू ओझरतं लिहून पुढे गेलीस. आठवडाभर वही घेऊन तिच्या शेजारी बस आणि ती त्या बाईला काय काय सांगते ते तिच्याच शब्दांत उतरवून घे. मग पावतीचा प्रवेश नव्याने लिही, दोन पानांत, डोळ्यांत पाणी न आणता. वहीची पानं आणि प्रवेश, दोन्ही मला पाठव.

तुझी,
मावशी