गंगापूर धरणावर गळ टाकायला कधी जावं आणि कोणते मासे लागतात?

नाशिकला नवीन बदली झालीय, थंडीत रविवारी गंगापूर धरणावर गळ टाकायचा विचार आहे, केव्हा जाऊ आणि काय लागेल, असं तुम्ही विचारलंय. वार-वेळ नंतर ठरवा. आधी पाणी चढतंय, उतरतंय की स्थिर आहे ते बघा. मी रिकाम्या पिशवीनं घरी आलोय तो बहुतेकदा आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीनं पाणी सोडणं, चालू असताना.

हे १९६५ सालचं गोदावरीवरचं मातीचं धरण. शहराचं पिण्याचं पाणी इथलंच, कालव्यालाही इथूनच, आणि एखाद्या वर्षी जायकवाडीसाठीसुद्धा सोडतात. पाणी सुटलं की काठ रोज मागे सरकतो. काल जिथे गवताच्या कडेला रोहू फिरत होता तिथे आज नुसता गाळ. मासा खोलात जातो आणि आपण गुडघाभर चिखलात. माझी एक चप्पल गंगावऱ्ह्याच्या बाजूला अजून रुतलेली असेल.

कटला, रोहू, मृगळ हे तिन्ही साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून जलाशयांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. दोरीवरचा तरंगा (पाण्यावर तरंगणारी खूण) त्या हिशोबानं वर-खाली करा. आमिषाला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड पुरते, दुकानातल्या वासाच्या पुड्यांवर मी पैसे घालवून बसलोय. सायप्रिनस (कॉमन कार्प) हाही तळाचाच, हळूहळू ओढतो, घाई केली की गेला. गांडूळ लावलंत तर मात्र आधी चिलापीच (तिलापिया) येणार. तिची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे वाढते बेसुमार. नवशिक्याला तेवढाच आनंद.

खरी मजा मरळीची. कडेच्या वनस्पतीत दबा धरून बसते, छोटी बेडकी किंवा मासोळी दिसली की झडप. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, जाड घ्या. पावसाळ्यात पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा गोळा सरकताना दिसला तर त्याखाली राखण करणारी मरळ असतेच, आणि ती पिल्लांजवळच्या कशावरही तुटून पडते. म्हणूनच तिथे गळ टाकू नका. ती गेली की बाकीचे मासे तो सगळा घोळका खाऊन टाकतात. वाम हवी असेल तर दगडांच्या कडेला, अंधार पडल्यावर.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. पाणी गार असलं की कटला-रोहूसारखे कार्प जातीचे मासे सुस्तावतात. दहानंतर, उन्हं तापल्यावर, उथळ कडेला बसा. मार्च ते मे सकाळ-संध्याकाळ. आणि रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली (नाशिककर गोदावरीचा पूर त्या मूर्तीवरूनच मोजतात) की त्या दिवशी घरीच भजी खा.

आपल्याकडे जलाशयातली मासेमारी सहसा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेली असते. म्हणून जाळं नेऊ नका, आणि गळ टाकण्याआधी काठावरच्या मच्छीमारांना विचारा. परवानगीसोबत आज मासा कुठे आहे हेही तेच सांगतात. भिंत आणि सांडव्यापासून लांब राहा. नांदूरमधमेश्वरला दुर्बीण न्या, गळ नको. ते अभयारण्य आहे.